वाया गेलेल्या दोन चाली : स्पर्धेतील एका डावावरून ओपनिंग शिकण्याची रीत

बुद्धिबळाच्या दोन-चार स्पर्धा खेळून आलेल्या नवख्या खेळाडूंची तक्रार बहुधा एकच असते. ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या, दहा-बारा चाली पाठ असतात, प्रतिस्पर्धी सहाव्याच चालीला काहीतरी वेगळे खेळतो, आणि तिथून पुढे काय करावे ते सुचत नाही. पाठांतर वाढवून ही अडचण सुटत नाही, कारण चालीमागचा हेतू ठाऊक नसेल तर समोरून आलेली अनोळखी चाल चांगली आहे की वाईट, हे ठरवण्याचे साधनच आपल्याजवळ नसते. ते साधन मिळवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे स्पर्धेत खेळला गेलेला एखादा उत्तम डाव निवडावा आणि तो पटावर सावकाश, चालींचा हिशेब मांडत वाचावा. हे कसे करावे ते येथे एका डावाच्या आधाराने पायरीपायरीने सांगितले आहे. मोहऱ्या कशा चालतात, कॅसलिंग कसे करतात आणि शह-मात म्हणजे काय, एवढे वाचकाला ठाऊक आहे असे गृहीत धरले आहे.

डावाची निवड

अभ्यासासाठी घ्यायचा पहिला डाव तीस चालींच्या आत संपलेला असावा आणि हरलेल्या खेळाडूने त्यात ढोबळ चूक केलेली नसावी. फुकटात वजीर गमावून हरलेल्या डावातून ओपनिंगविषयी काहीच कळत नाही. उलट, वरवर पाहता प्रत्येक चाल समंजस वाटते आणि तरीही एक बाजू कोसळते, असा डाव मिळाला तर कारण शोधत मागे जावे लागते, आणि बहुतेक वेळा ते ओपनिंगमध्येच सापडते.

रोत्लेवी विरुद्ध रुबिनस्टाइन हा १९०७ सालचा डाव या कसोटीला उतरतो. तो लॉड्झ येथे खेळला गेला. आज पोलंडमध्ये असलेले हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते आणि तेथे अखिल रशियन मास्टर्स स्पर्धा भरली होती. पांढऱ्या मोहऱ्या घेऊन खेळणारा रोत्लेवी तेव्हा विशीच्या आतला होता. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या अकिबा रुबिनस्टाइनने ती स्पर्धा जिंकली. पुढे १९१२ या एकाच वर्षात त्याने पाच मोठ्या स्पर्धांत अव्वल स्थान मिळवले. जगज्जेता इमॅन्युएल लास्कर याच्याशी त्याची लढत घडवून आणण्याच्या हालचाली सुरू होत्या, पण १९१४ चे महायुद्ध आडवे आले आणि ती लढत झालीच नाही. प्रस्तुत डाव बुद्धिबळाच्या जगात ‘रुबिनस्टाइनचा अमर डाव’ म्हणून ओळखला जातो.

डावाची नोंद पुढे दिली आहे. पांढऱ्याच्या बाजूने पाहता डावीकडून उजवीकडे ए ते एच हे स्तंभ आणि खालून वर १ ते ८ या ओळी आहेत. रा, व, ह, उं, घो ही अनुक्रमे राजा, वजीर, हत्ती, उंट आणि घोडा यांची अक्षरे असून अक्षर नसलेली चाल प्याद्याची समजावी. × म्हणजे मारणे, + म्हणजे शह आणि ०-० म्हणजे राजाच्या बाजूचे कॅसलिंग. ‘ह ए-सी८’ म्हणजे ए स्तंभातला हत्ती सी८ वर.

१. डी४, डी५; २. घो एफ३, ई६, ३. ई३, सी५, ४. सी४, घो सी६, ५. घो सी३, घो एफ६, ६. डी×सी५, उं×सी५; ७. ए३, ए६, ८. बी४, उं डी६, ९. उं बी२, ०-०, १०. व डी२, व ई७; ११. उं डी३, डी×सी४, १२. उं×सी४, बी५, १३. उं डी३, ह डी८, १४. व ई२, उं बी७, १५. ०-०, घो ई५, १६. घो×ई५, उं×ई५, १७. एफ४, उं सी७, १८. ई४, ह ए-सी८, १९. ई५, उं बी६+, २०. रा एच१, घो जी४, २१. उं ई४, व एच४, २२. जी३, ह×सी३, २३. जी×एच४, ह डी२, २४. व×डी२, उं×ई४+, २५. व जी२, ह एच३. येथे पांढऱ्याने डाव सोडला.

पहिली पायरी : खऱ्या पटावर, काळ्याच्या बाजूने

मोबाइलच्या पडद्यावर बोटाने चाली पुढे ढकलल्या की पंचवीस चालींचा डाव एका मिनिटात संपतो आणि हाती काही लागत नाही. म्हणून पट मांडावा, काळ्याच्या बाजूला बसावे आणि दोन्हीकडच्या मोहऱ्या स्वतःच्या हाताने हलवाव्यात. पहिल्या वेळी कोठेही न थांबता शेवटपर्यंत जावे. वजिराचा बळी पाहून कुतूहल चाळवले गेले, तर दुसऱ्या वाचनाला लागणारा धीर आपोआप येतो. संगणकाचे इंजिन या टप्प्यावर बंदच ठेवावे. इंजिन कोणती चाल चांगली ते क्षणात सांगते, पण ती चांगली का आहे हे ते मराठीत काय, कोणत्याच भाषेत सांगत नाही, आणि आपल्याला हवे आहे ते नेमके हे ‘का’.

दुसरी पायरी : पाचव्या चालीनंतर थांबणे

दुसऱ्या वाचनात पाचव्या चालीअखेर थांबावे. दोन्ही बाजूंची रचना आरशात पाहिल्यासारखी सारखी आहे. प्रत्येकाची सी आणि डी स्तंभांतील प्यादी दोन-दोन घरे पुढे आली आहेत, ई प्यादे एक घर सरकून त्यांना आधार देत आहे आणि दोन्ही घोडे बाहेर आले आहेत. हे क्वीन्स गॅम्बिट (डी४, डी५ नंतर पांढऱ्याने सी४ खेळण्याची पद्धत) घराण्यातील ओपनिंग आहे. काळ्याने लगेच सी५ खेळून मध्यभागात बरोबरीचा वाटा मागण्याच्या पद्धतीला, तिचा हिरिरीने पुरस्कार करणाऱ्या जर्मन डॉक्टर सीगबर्ट तार्राश याच्या नावावरून, तार्राश बचाव म्हणतात. येथे आलेली स्थिती हा त्याचाच सममित प्रकार आहे.

नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल. पण या स्थितीत एक चढाओढ दडलेली आहे आणि ती समजलीच पाहिजे. मध्यभागी चार प्यादी एकमेकांना भिडलेली आहेत आणि मारामारी आज ना उद्या होणारच आहे. पांढऱ्याने आताच सी५ चे प्यादे मारले, तर काळ्याचा एफ८ चा उंट मूळ घरातून थेट सी५ वर येतो. म्हणजे प्यादे परत मिळते आणि त्याच चालीत उंटही बाहेर पडतो. तोच उंट आधी डी६ किंवा ई७ वर येऊन बसला असता, तर सी५ वर येण्यासाठी त्याला दुसरी चाल खर्च करावी लागली असती. सी४ च्या प्याद्याचे आणि पांढऱ्याच्या एफ१ वरील उंटाचे गणितही असेच आहे. म्हणून समोरचा उंट मूळ घरात आहे तोवर मारायचे नाही आणि तो हलला की मारायचे, असा दोन्ही बाजूंचा प्रयत्न असतो. दोघेही उंट न हलवता दुसरी उपयोगी चाल शोधत राहतात. अशा वेळी पांढऱ्यासाठी ए३ ही नावाजलेली चाल आहे. सी×डी५ खेळून मध्यभागाचा प्रश्न लगेच निकाली काढणे हाही मान्य मार्ग आहे.

तिसरी पायरी : सहावी ते पंधरावी चाल

रोत्लेवीने सहाव्या चालीला सी५ वर मारले आणि रुबिनस्टाइनचा उंट एका चालीत बाहेर आला. तो उंट पुढे बी४ या प्याद्याच्या धाकाने डी६ वर परतला, त्यामुळे येथवर फारसे बिघडले नव्हते. मात्र चढाओढीतला अर्धा भाग संपला होता आणि पांढऱ्याचा एफ१ वरील उंट अजून वाट पाहत होता.

दहाव्या चालीला व डी२ खेळून पांढऱ्याने ही वाट पाहणे लांबवले, शिवाय डी५ च्या प्याद्यावर दाब आणला. हेतू वाईट नव्हता, घर वाईट होते. मध्यभागातील प्यादी मारली गेली की डी स्तंभ मोकळा होणार, काळ्याचा हत्ती डी८ वर येणार आणि वजिराला पुन्हा उठावे लागणार, हे आधीच दिसण्यासारखे होते. येथे सी×डी५ खेळून काळ्याला डी५ वर एकाकी, म्हणजे शेजारच्या स्तंभांत आपले प्यादे नसलेले, प्यादे घ्यायला लावणे अधिक शहाणपणाचे ठरले असते. रुबिनस्टाइनने व ई७ खेळून डी५ चे प्यादे चक्क देऊ केले. पांढऱ्याने दोनदा मारामारी करून वजिराने ते प्यादे घेतलेच, तर काळा उंट ई६ वर येऊन वजिराला पिटाळतो, हत्ती मधल्या स्तंभांवर येतात आणि पांढरा राजा अजून ई१ वरच असतो. प्याद्याच्या बदल्यात एवढा वेग मिळत असेल तर सौदा काळ्याच्या फायद्याचा आहे.

अकराव्या चालीला पांढऱ्याचा उंट अखेर डी३ वर आला, आणि रुबिनस्टाइनने त्याच क्षणी सी४ चे प्यादे मारले. येथे पट तसाच ठेवून पुढच्या तीन चाली फार सावकाश खेळाव्यात. उंट सी४ वर जातो, बी५ च्या धक्क्याने पुन्हा डी३ वर येतो आणि ह डी८ आल्यावर वजीरही डी२ सोडून ई२ वर जातो.

चौथी पायरी : हिशेब

पांढऱ्याने पंधराव्या चालीला कॅसलिंग केले, तेथे थांबून कागद घ्यावा. संपूर्ण अभ्यासात हीच पायरी सर्वांत मोलाची आहे. पटावरची स्थिती पुन्हा सममित झालेली दिसेल. पांढऱ्याची प्यादी ए३, बी४, ई३ वर आहेत, तर काळ्याची ए६, बी५, ई६ वर. घोडे, उंट, वजीर आणि राजे समोरासमोरच्या घरांत आहेत. फरक एवढाच की काळ्याचा हत्ती डी८ वर पोहोचला आहे, पांढऱ्याचा एफ१ वरच आहे, आणि चालही काळ्याची आहे.

आता प्रत्येक बाजूने कोणत्या मोहऱ्यावर किती चाली खर्च केल्या ते लिहावे. पांढऱ्याच्या पंधरा चालींपैकी सहा प्याद्यांच्या, दोन घोड्यांच्या, एक बी२ वरच्या उंटाची, तीन डी३ वरच्या उंटाच्या, दोन वजिराच्या आणि एक कॅसलिंगची. काळ्याच्या चौदा चालींपैकी सहा प्याद्यांच्या, दोन घोड्यांच्या, एक बी७ वरच्या उंटाची, दोन डी६ वरच्या उंटाच्या, एक वजिराची, एक कॅसलिंगची आणि एक हत्तीची. उंटावर एक आणि वजिरावर एक, अशा पांढऱ्याच्या दोन चाली जादा खर्च झाल्या. डाव पांढऱ्याने सुरू केला होता, तरी पंधराव्या चालीनंतर काळा हत्ती कामाला लागला आहे आणि वर पुढची चालही त्याचीच आहे. दोन चालींचे हे देणे फिटले आहे ते असे.

हा हिशेब करताना एक पथ्य पाळावे. एखादे मोहरे दोनदा हलले एवढ्यावरून चाल वाया गेली असे ठरवू नये. त्या बदल्यात प्रतिस्पर्ध्यालाही एखादी निरुपयोगी चाल करावी लागली आहे का, हे पाहूनच जमाखर्च मांडावा. काळ्याचा उंटही दोनदा हलला, पण पांढऱ्याच्या उंटापेक्षा एकदा कमीच. शिवाय प्यादी एकमेकांत अडकून पट बंद झाला असेल तर एखाद-दुसऱ्या चालीने फारसे बिघडत नाही. या डावात सी आणि डी हे दोन्ही स्तंभ पूर्ण मोकळे झाले होते, म्हणूनच येथे प्रत्येक चालीला किंमत आली.

पाचवी पायरी : आघाडीचा वापर कसा झाला

दोन चालींनी मागे पडलेला पांढरा या क्षणी हरलेला नव्हता. माझ्या मते डाव घालवणाऱ्या चाली पुढे आल्या, आणि नवख्यांनी त्या ओपनिंगइतक्याच काळजीने पाहाव्यात. घो ई५ खेळून काळ्याने बी७ च्या उंटाची तिरकस रेषा मोकळी केली. घोड्यांची अदलाबदल झाल्यावर ई५ वर आलेला उंट एच२ कडे रोखलेला होता. उं×एच२+ खेळून, राजाने तो घेतल्यावर व डी६+ असा शह देत डी३ चा उंट परत मिळवायचा आणि मधल्या मध्ये एक प्यादे कमवायचे, अशी धमकी होती. ती टाळण्यासाठी पांढऱ्याने एफ४, मग ई४ आणि ई५ अशी प्यादी पुढे लोटली. देखावा आक्रमणाचा होता, पण एफ आणि ई प्यादी पुढे गेल्यामुळे जी१ च्या राजाकडे जाणारी एक तिरकस रेषा उघडली आणि ई प्यादे ई५ वर गेल्यावर बी७ पासून जी२ पर्यंतची दुसरीही. ज्याच्या मोहऱ्या आधी तयार झाल्या आहेत त्याच्यासमोर पट उघडा करणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे होय.

काळ्याचे दोन्ही हत्ती, दोन्ही उंट, घोडा आणि वजीर अशी सगळी फौज एकोणिसाव्या चालीअखेर लढाईत होती. पांढऱ्याचा ए१ वरचा हत्ती मात्र डाव सोडेपर्यंत आपल्या घरातून हललाच नाही.

सहावी पायरी : चाल झाकून ओळखणे

विसाव्या चालीपासून पुढची नोंद कागदाने झाकावी आणि काळ्याची प्रत्येक चाल आपण शोधून, लिहून, मगच उघडावी. प्रत्येक चालीला दहा मिनिटे दिली तरी जास्त नाहीत. उत्तर चुकले तरी हरकत नाही, पण का चुकले याची एक ओळ लिहून ठेवावी.

घो जी४ आणि व एच४ या चाली बहुतेकांना सापडतात, कारण एच२ वरची मात डोळ्यांसमोर असते. खरी परीक्षा बाविसाव्या चालीला आहे. पांढऱ्याने जी३ खेळून काळ्या वजिरावर हल्ला केला आहे आणि जी प्यादे सरकल्यामुळे ई२ चा वजीर आता एच२ चेही रक्षण करतो आहे. येथे मोहरे शोधण्याआधी काम शोधावे: पांढऱ्याच्या कोणत्या मोहऱ्यावर एकाहून जास्त जबाबदाऱ्या आहेत? उत्तर वजीर हे आहे. तो ई४ चा उंटही राखतो आहे आणि एच२ चे घरही. ई४ च्या उंटाचा दुसरा राखणदार सी३ चा घोडा. म्हणून रुबिनस्टाइन आपला वजीर मारात ठेवून हत्तीने तो घोडा घेतो. पांढऱ्याने उं×सी३ खेळले तर उं×ई४+ येते, आणि पांढऱ्या वजिराने तो उंट घेतल्यास व×एच२ ही मात होते.

रोत्लेवीने वजीर घेतला, आणि मग ह डी२ ही चाल आली. काळ्याचा दुसरा हत्ती कोणाच्याही आधाराविना पांढऱ्या वजिरासमोर जाऊन उभा राहिला. वजिराने तो घेतला की ई४ चा राखणदार गेला. उं×ई४ हा शह येतो, वजिराला जी२ वर आडवे यावे लागते आणि ह एच३ नंतर एच२ वरची मात टळत नाही. जी२ चा वजीर एच३ चा हत्ती मारू शकत नाही, कारण तो उंटाच्या रेषेत राजापुढे अडकला आहे. त्याने उंट घेतला तरी ह×एच२ होते, त्या हत्तीला जी४ च्या घोड्याचा आधार असतो आणि राजाचे जी१ हे घर बी६ च्या उंटाने रोखलेले असते.

डी२ वर जाऊन पडलेला हत्ती कोणता, हे आता चौथ्या पायरीच्या कागदावर पाहावे. पांढऱ्याचा उंट आणि वजीर पुन्हा पुन्हा हलत असताना तेराव्या चालीला डी८ वर येऊन बसलेला हा हत्ती आहे. वाया गेलेल्या चालींचे पुढे काय होते, हे एवढ्या स्पष्टपणे दाखवणारे डाव फार नाहीत.

सरावासाठी दोन प्रश्न पटावर सोडवावेत. तेविसाव्या चालीला पांढऱ्याने वजीर न घेता उं×बी७ खेळले तर काळ्याने काय करावे? ह×जी३ ही चाल तपासून पाहावी. आणि चोविसाव्या चालीला व×डी२ ऐवजी उं×बी७ खेळले तर? तेथे ह×ई२ नंतर उं जी२ ला उत्तर पुन्हा ह एच३ हेच आहे, आणि मात कशी होते ते स्वतः शोधावे.

सातवी पायरी : स्वतःच्या डावात

स्पर्धेतून आणलेला नोंदीचा कागद टाकून देऊ नये. क्लासिकल (दीर्घ वेळेच्या) स्पर्धेत चाली लिहिणे बंधनकारक असते, त्यामुळे अभ्यासाचे साहित्य आपोआप तयार होते. घरी येऊन बाराव्या ते पंधराव्या चालीच्या दरम्यान, कॅसलिंग झाले असेल तेथे, थांबावे आणि वर दाखवला तसा दोन्ही बाजूंचा जमाखर्च मांडावा. पुढील स्पर्धेत क्वीन्स गॅम्बिटची अशी स्थिती आली तर एवढेच विचारावे: समोरचा राजाच्या बाजूचा उंट हलला आहे का? हलला असेल तर मारण्याचा विचार करावा, नसेल तर आधी एखादी उपयोगी चाल करावी. प्रतिस्पर्ध्याने पुस्तकाबाहेरची चाल केली तरी हा प्रश्न लागू राहतो.

यानंतरचा डाव म्हणून अरोनियन विरुद्ध आनंद, वाइक आन झे (नेदरलँड्स), १५ जानेवारी २०१३ हा घ्यावा. तेव्हा जगज्जेता असलेल्या विश्वनाथन आनंदने डावानंतर स्वतःच रुबिनस्टाइनच्या या डावाची आठवण काढली होती. आनंद सेमी-स्लाव बचावाचा मेरान प्रकार खेळला. १९२४ साली इटलीतील मेरान येथे रुबिनस्टाइनने तो ग्रुनफेल्डविरुद्ध वापरला आणि त्या गावाचे नाव त्याला मिळाले. पांढरा उंट डी३ वर येताच सी४ वर मारायचे आणि बी५ ने त्याला मागे हटवायचे, ही कल्पना येथेही आहे. मात्र मेरानमध्ये पांढरा ही एक चाल जाणूनबुजून खर्च करतो आणि त्या बदल्यात मध्यभागी ई४ पुढे नेण्याची संधी ठेवतो, म्हणून तेथे हिशेब बरोबरीचा राहतो. त्या डावात काळ्याच्या पंधराव्या चालीआधी थांबावे. आनंदने उंट सी५ वर, डी४ च्या प्याद्याच्या तोंडी, नेऊन ठेवला. तो घेतला असता तर काय झाले असते, हे कागदावर लिहूनच पुढची चाल उघडावी.